हवा दाखवलेला कोट

“पावती हरवली,” असं तो माणूस म्हणाला, आणि वहिनींच्या हातातला ब्रश कॉलरवरच थांबला.

लाँड्रीच्या काउंटरवर येणारी माणसं वहिनींच्या लेखी दोनच प्रकारची होती. एक पावतीवाली, दुसरी संशयित. हा दुसऱ्यातला. उंच, किडकिडीत, केस नीट विंचरलेले, नखं कापलेली. नको तितका स्वच्छ, असं वहिनींच्या मनात आलं. सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, अगदी त्यांच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा. पण त्या प्रेमाच्या हाकेला भुलून बिनपावतीचा साधा रुमालही द्यायचा नाही, अशी त्यांची शपथ होती. काउंटरच्या वर तशी पाटीच होती: ‘पावतीशिवाय कपडा मिळणार नाही. ओळख सांगू नये.’

“वर वाचलंत?” वहिनींनी ब्रशनेच पाटी दाखवली.

“वाचलं. म्हणून ओळख सांगत नाही. फक्त अडचण सांगतो,” तो म्हणाला. “मी व्हायोलिन वाजवतो. आज संध्याकाळी कार्यक्रम आहे. इतकी वर्षं मागच्या रांगेत बसून काढली, आज पहिल्यांदा पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली आहे. पण आमच्या वाद्यवृंदाच्या म्होरक्याचा नियम आहे. काळा कोट नाही तर खुर्ची नाही. आणि माझा काळा कोट तुमच्याकडे आहे.”

“असं तुम्ही म्हणता.”

“हो, मीच म्हणतो. दुसरं कोण म्हणणार?”

त्याच्या या सरळ उत्तरानेच वहिनी जास्त सावध झाल्या. सरळ बोलणारा माणूस त्यांना आताशा वाकडाच दिसायचा. त्याला कारण तसं घडलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला दुकानातून एक करडा सूट नाहीसा झाला. खरा मालक हातात पावती नाचवत आला, आणि सूट जागेवर नाही! भरपाई गेली ती गेलीच, पण गल्लीत कुजबुज सुरू झाली, ‘वहिनींकडे कपडे बदलतात म्हणे.’ त्या दिवसांत काउंटरवर वहिनींचे यजमान बसायचे. आधी ते म्हणाले, मला काही आठवत नाही. वहिनींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा आठवलं. कोणीतरी बिनपावतीचा आला होता खरा. आठवड्याभराने त्याची मिशी आठवली. मग चष्मा आठवला. मग हनुवटीखाली मसुराएवढा काळा तीळ. दर काही दिवसांनी त्या चोराच्या अंगावर एक नवी खूण उगवायची, आणि दर खुणेगणिक यजमानांची मान आणखी खाली जायची. शेवटी वहिनींनी काउंटरची खुर्ची आपल्याकडे घेतली आणि यजमान मागे, पडद्याआड, इस्त्रीच्या टेबलापाशी गेले. भांडण नाही, तंटा नाही. पण दोघांच्या बोलण्यात तेव्हापासून एक चुकीची घडी पडली होती. कितीही इस्त्री फिरवा, ती दिसायचीच.

आता आणखी एक कपडा चुकीच्या हाती गेला, तर दुकानाचं नाव उरणार नाही आणि त्या घडीची चीर व्हायला वेळ लागणार नाही, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं.

“कोट कसा आहे?” त्यांनी विचारलं.

“काळा. आतलं अस्तर मरून. उजव्या बाहीचं एक बटण वेगळं आहे, बायकोने घाईत लावलेलं.”

वहिनी दांड्यामागून दांडा चाळत गेल्या. अगदी शेवटच्या खुंट्यांपाशी, न्यायला कोणी न आलेल्या कपड्यांत, तो कोट सापडला. त्याच्या शेजारी वर्षानुवर्षं लटकणारा एक तपकिरी कोट होता. त्याच्या मालकाने परगावाहून फोन करून सांगितलं होतं, “आता अंगात येत नाही हो, कुणा गरजवंताला देऊन टाका.” पण गरजवंत म्हणून जो जो समोर आला त्याच्या गरजेचाच वहिनींना संशय आला, आणि तपकिरी कोट खुंटीवरच राहिला.

काळ्या कोटाचं अस्तर मरून होतं. उजव्या बाहीचं एक बटण वेगळं होतं. फक्त कॉलरच्या आत टाचलेली नंबराची कापडी पट्टी नव्हती. आणि खिशात सापडलेल्या वस्तूंची, हँगरला टाचलेली पुडीही नव्हती.

वहिनींच्या कपाळावर आठी पडली. या दुकानात माणूस बिननावाचा चालेल, पण कपडा बिननंबराचा? असं कधी घडलं नव्हतं.

“जरा बसा,” त्यांनी व्हायोलिनवाल्याला स्टूल दाखवलं. मग आवाज न चढवता, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “आत या सगळे.”

सगळे म्हणजे तिघे. एक, पडद्याआड वाफेत उभे असलेले यजमान. दुसऱ्या, नणंदबाई. त्या विम्याच्या कचेरीत होत्या आणि सुट्टी म्हणून दुकानात पाय पसरून बसल्या होत्या. घरांना आग किती वेळा लागते, जिन्यावरून किती जण घसरतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं, त्यामुळे त्यांच्याबरोबर जिना उतरायला कोणी धजत नसे. आणि तिसरे अण्णा, वहिनींचे सासरे, दुकानाचे मूळ पुरुष. आयुष्यभर इस्त्री ओढून पाठीला बाक आलेला, पोट मात्र निवृत्तीनंतर सुटलेलं. आता ते दारापाशी बसून दोन कामं करायचे. आलेल्या कपड्यांचे खिसे तपासून सापडेल ते कागदी पुडीत घालून हँगरला टाचायचं, आणि संध्याकाळी जुन्या कोटांना हवा दाखवायची. “कपडा नुसता टांगला की कुबट होतो, सूनबाई. माणसासारखंच आहे ते,” असं म्हणत ते रोज एखादा कोट हातावर टाकून गच्चीवर जायचे. म्हाताऱ्याच्या या मायेचं वहिनींना कौतुक होतं.

मागे एकदा मात्र अण्णांनी सगळ्यांना घाबरवलं होतं. वरची कवळी खालच्या कवळीला अशी काही चिकटली, की दिवसभर ते नुसत्या हुंकारांवर बोलत होते. दंतवैद्यसुद्धा म्हणाला, एवढ्या वर्षांत असं बघितलं नाही.

पडद्याआड चौघांची बैठक बसली. बसली म्हणजे उभीच राहिली, कारण तिथे बसायला जागा नव्हती.

“माझं म्हणणं साधं आहे,” नणंदबाईंनी सुरुवात केली. “पावती हरवलेली शंभर माणसं घ्या.”

“कशाला घ्या? एक आलाय तोच जड झालाय,” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी, ऐका तर! त्या शंभरातले नव्वदच्या वर नुसते विसरभोळे असतात. चोर असेल तो एवढ्या खटाटोपाने जुना कोट कशाला चोरेल? द्या आणि मोकळ्या व्हा.”

“पण समजा,” यजमान म्हणाले. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘समजा’ने सुरू व्हायचं आणि कुठल्यातरी खड्ड्यात जाऊन संपायचं. “समजा हा उरलेल्या दहांतला निघाला तर?”

“दादा, शक्यता कमी आहे.”

“कमी म्हणजे नाही असं तर नाही ना? समजा दिला, आणि मागाहून खरा मालक आला. दुकान बंद! आपण रस्त्यावर! बरं, समजा नाही दिला, आणि हाच खरा मालक असला. तो गावभर बोंबलत फिरणार. दुकान बंद! आपण रस्त्यावर!”

“म्हणजे दोन्ही बाजूंनी रस्त्यावरच?” नणंदबाईंनी विचारलं.

“म्हणून मी म्हणतो, काही ठरवूच नये.”

“लबाड आहे तो,” इतका वेळ गप्प असलेले अण्णा एकदम म्हणाले.

“कशावरून?”

“चालीवरून. मी चालीवरून माणूस ओळखतो.”

“अण्णा, तो चाललाय कुठे? उभा होता, आता बसलाय,” वहिनी म्हणाल्या.

“मग बसण्यावरून.”

वहिनींनी हात वर केला. “हे बघा, वन्सं, मला तुमचे शंभर नकोत. अहो, तुमचं समजाही नको. आणि अण्णा, चालही नको. माणूस खोटं बोलेल, डाग नाही बोलत. मी कपड्यालाच विचारते.”

“अगं, पण तो बाहेर एकटा आहे!” यजमान ओरडले. “आपल्या सगळ्या कपड्यांबरोबर!”

चौघेही एकदमच पडद्याकडे धावले, एकदमच त्यात गुरफटले, आणि एका मोठ्या गाठोड्यासारखे दुकानात अवतरले. व्हायोलिनवाला होता तिथेच होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, बोटांनी गुडघ्यावर कसलीशी सुरावट वाजवत.

“सगळं ठीक आहे ना?” त्याने अदबीने विचारलं.

“ते आम्ही ठरवू,” वहिनी म्हणाल्या. “कोटाच्या खिशात काय होतं, सांगा.”

त्याचा चेहरा उजळला. “राळेचा खडा! व्हायोलिनच्या गजाला लावतात ती राळ. मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा, बोराएवढा तुकडा. कागदात गुंडाळलेला होता. आतल्या खिशात राहिला, तेव्हापासून शोधतोय.”

वहिनींनी आतल्या खिशात हात घातला आणि एक एक वस्तू काउंटरवर मांडली. पेपरमिंटच्या गोळ्या. अर्धं बिस्किट. दात पडलेला कंगवा. बागेतल्या वजनकाट्याचं छापील तिकीट.

राळ नव्हती.

“हे माझं नाही,” व्हायोलिनवाला चकित होऊन म्हणाला.

“खिसा तुमचा आणि आतलं तुमचं नाही?”

“खरंच नाही हो. मला पेपरमिंटने शिंका येतात.”

नणंदबाईंनी ओठ आवळले. “वहिनी, मी जरा खाली येते हं. विसरभोळा माणूस पावती विसरेल. पण आपल्याच खिशात काय होतं ते चुकीचं सांगेल, असे कमी. नव्वदवरून मी आता पन्नासवर.”

“घसरलीस ना जिन्यावरून?” यजमान पुटपुटले.

वहिनींनी कोट उजेडात धरला. खालच्या काठावर चिखलाचे शिंतोडे होते. पाठीमागे, बसल्यावर जिथे चुरगळतं तिथे, हिरवट ओरखडे. बाकाला नवा रंग दिला की उठतात तसे. हा कोट धुऊन, वाफ देऊन, ब्रश मारून टांगलेला. खुंटीवर टांगलेल्या कोटावर चिखल येतो कुठून? खुंटीला पाय फुटतात की काय?

“अहो, कोट बदललाय कोणीतरी,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “आपण धुतलेला तो हा नव्हे. नाहीतर...” त्यांची नजर यजमानांकडे गेली. मग नणंदेकडे. मग पुन्हा यजमानांकडे. एकदा संशयाचा धागा उसवायला लागला की तो कुठल्या शिवणीपर्यंत जाईल, सांगता येत नाही.

“अगं, माझ्याकडे काय बघतेस?” यजमान कळवळले. “मी मागे असतो. तूच ठेवलंस मला मागे.”

ते वाक्य वाफेसारखं हळूच आलं आणि चटका देऊन गेलं. वहिनींनी नजर काढून घेतली.

“घालून दाखवा,” त्या व्हायोलिनवाल्याला म्हणाल्या.

त्याने कोट चढवला. बाह्या मनगटाशी अगदी बरोबर आल्या. पण बाकीचं? पोटापाशी कोट असा सैल फुगलेला, की आत आणखी एक माणूस मावला असता. बटणांची जागा ताणलेली. पाठीवर मात्र कापडाला बाक, जणू कोटाचा मालक जन्मभर वाकून चालत आला असावा. व्हायोलिनवाला त्यात ताठ उभा होता. त्याने आरशात पाहिलं आणि खिन्न झाला.

“हा असा नव्हता,” तो म्हणाला. “मला शिवून घेतलेला होता. धुण्यात सैल होतो का हो कोट?”

“धुण्यात आटतो,” वहिनी कोरडेपणाने म्हणाल्या. “पोट सुटत नाही त्याला.”

“दहा,” नणंदबाईंनी जाहीर केलं. “मी आता दहावर आहे.”

तेवढ्यात व्हायोलिनवाल्याने उसासा टाकून मान वर केली. यजमान त्याच्या समोरच उभे होते. त्यांचे डोळे त्या मानेवर खिळले आणि हातातली, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली खाली पडली.

“तीळ!” ते किंचाळले. “हनुवटीखाली! मसुराएवढा! अगं, हाच तो! करडा सूट नेणारा!”

“कोण मी?”

“मिशी काढलीत तुम्ही! आणि चष्मा!”

“मला मिशी कधी फुटलीच नाही नीट.”

“बघा! मिशीवरही तयार उत्तर आहे!”

यजमानांनी धावत जाऊन दाराचं शटर अर्धं खाली ओढलं. इतक्या महिन्यांची खाली गेलेली मान आज पहिल्यांदा वर आली होती. त्यांना मिळाला होता तो चोर नव्हता नुसता, त्यांची खुर्ची होती. “आता समजा-बिमजा काही नाही! पोलिसांना बोलवा!”

“आता मी शून्याच्या आसपास,” नणंदबाई म्हणाल्या.

“मी तर आधीच सांगितलं होतं,” अण्णा म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले. “लबाड माणूस. हाकला त्याला. पोलीस-बिलीस नको. उगीच चौकशा होतात. नुसतं हाकला.”

व्हायोलिनवाला कोटाच्या त्या परक्या पोटात हात घालून उभा होता. “माझी खुर्ची जाईल हो,” एवढंच तो म्हणाला. रागाने नाही. जन्मभर मागच्या रांगेत बसलेला माणूस म्हणतो तसं.

वहिनींचा हात फोनवर गेला, आणि तिथेच थबकला.

या घरात चहात साखर किती यावर कधी एकमत झालं नव्हतं. पंखा कितीवर ठेवायचा यावर जेवणं थंड झाली होती. एक जण शंभर माणसं मोजतो, एक खड्डे मोजतो, एक चाल बघतो, आणि चौथी आपण, डाग बघतो. चार वाटांनी निघालेली चार माणसं. आज चौघं एकाच दारात येऊन उभी? तेही इतक्या झटपट? वहिनींना आयुष्यात ज्या ज्या गोष्टींचा संशय आला होता, त्या सगळ्यांहून मोठा संशय आला तो या एकमताचा.

त्यांनी फोन खाली ठेवला. काउंटरच्या बाहेर आल्या. “मान वर करा,” त्या व्हायोलिनवाल्याला म्हणाल्या.

जन्मभर डाग पाहिलेली बाई तो तीळ पाहू लागली. तेलाचा डाग पसरतो, शाईचा उतरतो, गंजाचा चावतो. हा यातला नव्हता. हा घासून घासून पडलेला होता. जबड्याच्या डाव्या अंगाला, थोडा खडबडीत, आणि मसुराएवढा कसला, चांगला सुपारीएवढा.

“हा तीळ नाही,” त्या म्हणाल्या. “घट्टा आहे.”

“व्हायोलिन तिथेच टेकतं,” तो म्हणाला. “लहानपणापासूनचा आहे.”

वहिनींनी कोटाची डावी कॉलर उलटी करून उजेडात धरली. चिखलाकडे बघण्याच्या नादात ही त्यांनी पाहिलीच नव्हती. बरोबर त्याच जागी, त्याच उंचीवर, कापड झिजून गुळगुळीत झालेलं होतं. मानेचा घट्टा आणि कॉलरची झीज, जणू एकाच गाण्याच्या दोन ओळी.

“कोट यांचाच आहे,” वहिनी म्हणाल्या.

“मग पेपरमिंट?” यजमान म्हणाले. “मग चिखल? मग पोट? समजा कोट यांचा, तर पोट कुणाचं?”

पोट कुणाचं! तो प्रश्न दुकानभर घुमला. वहिनींनी सावकाश नजर फिरवली. यजमान काडीसारखे. नणंदबाई व्यायामवाल्या. नजर फिरत फिरत दारापाशी आली. तिथे पाठीला बाक असलेला आणि पुढे पोट सुटलेला एक म्हातारा अत्यंत एकाग्रतेने रस्त्यावरची रहदारी बघत होता.

“अण्णा,” वहिनी मधाळ आवाजात म्हणाल्या, “तुमची कवळी चिकटली होती, त्या दिवशी तुम्ही काय खाल्लं होतं?”

“मी? काही नाही. म्हणजे... गोळी.”

“कसली गोळी?”

“अशीच. मधाच्या रंगाची. आरपार दिसत होती.” अण्णांचा आवाज बारीक होत गेला. “मला वाटलं खडीसाखरेचा प्रकार असेल. फार कडू निघाली. आणि मग तोंड उघडेना.”

“माझी राळ!” व्हायोलिनवाल्याच्या तोंडून निघालं.

पुढचं सगळं शिवण उसवावी तसं भराभर सुटलं. कोटांना हवा दाखवायला अण्णा गच्चीवर जायचे हे खरंच होतं. पण गच्चीवरून मागच्या रस्त्यावर उतरणारा एक जिना होता. कोट हातावर टाकून वर, अंगावर चढवून खाली, आणि तिथून सरळ बागेत. नंबराची पट्टी मानेला टोचते म्हणून काढून टाकली. बागेतल्या कुत्र्याला बिस्किट, स्वतःला पेपरमिंट.

“पण का अण्णा?” नणंदबाईंना हसावं की रागवावं कळेना. “थंडी वाजत होती तर स्वेटर नव्हता का?”

अण्णांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. मग आपल्या पालथ्या हातांकडे बघत म्हणाले, “इतके कोट माझ्या हाताखालून गेले गं. एकेक बाही, एकेक कॉलर. अंगात कधी नाही गेला. एकदा सहज घालून बघितला. बागेत गेलो तर एक जण बाकावर सरकून जागा देत म्हणाला, ‘बसा साहेब.’ साहेब म्हणाला. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.”



वहिनींनी मात्र तिथेच सोडलं नाही. कारण संशयाच्या धाग्याचं एक टोक अजून त्यांच्या हातात होतं, आणि ते ओढल्याशिवाय त्यांना राहवेना. “अण्णा, आणि तो करडा सूट?”

अण्णांनी मान आणखी खाली घातली. “त्याचा फक्त कोटच घालायचो मी. विजार एकटीच टांगलेली दिसू नये म्हणून हातावर. एकदा उकडलं म्हणून कोट काढून दोन्ही बाकावर ठेवलं. गप्पांत राहिलं. परत गेलो तर बाक रिकामा.”

“म्हणजे,” यजमान हळूहळू म्हणाले, “म्हणजे मी तो कुणाला दिलाच नाही?”

“नाही रे बाबा.”

“मग तो मिशीवाला?”

“कुठला मिशीवाला?”

“चष्मा होता त्याला! तीळ होता! मला स्वच्छ दिसतोय अजून डोळ्यांसमोर!” यजमान स्टुलावर मटकन बसले. महिनोन्‌महिने ते ज्या चोराला मनात वाढवत होते, ज्याला त्यांनी मिशी दिली, चष्मा दिला, तीळ दिला, तो चोर एका क्षणात हवेत विरला. निर्दोष सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण त्यांना घरातलं कुणी गेल्यासारखं वाटत होतं. “किती खरा होता गं तो,” ते म्हणाले.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. तो चोर यजमानांनी एकट्याने नव्हता घडवला. ‘आठवा, नीट आठवा’ म्हणत प्रत्येक खूण आपणच त्यांच्याकडून काढून घेतली होती, हे आता त्यांना लख्ख दिसत होतं. नसलेल्या माणसावर नवऱ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला आपण.

“अहो,” त्या म्हणाल्या, “उठा. तिथून उठा.”

“आता काय केलं मी?”

“स्टुलावर नका बसू. तुमची खुर्ची तिकडे आहे.” त्यांनी काउंटरकडे बोट केलं आणि पटकन पाठ फिरवली. “मला कोट दुरुस्त करायचाय. इथे उभं राहायला वेळ नाही.”

मग दुकान कामाला लागलं. वहिनींनी चिखल आणि रंग उतरवला, नणंदबाईंनी पोटापाशी आतून टाके घेतले, आणि पाठीचा बाक काढायला इस्त्री धरली ती अण्णांनी. कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारा हात कापडावरून असा फिरला, की आपलंच वाकलेपण हळूहळू पुसून काढावं. कोट पुन्हा ताठ झाला. व्हायोलिनवाल्याने तो चढवला, आरशात पाहिलं, आणि पुढच्या रांगेतला माणूस होऊन बाहेर पडला. दारात मात्र थांबून त्याने खिसे दोनदा तपासले. संशयाची लागण होते.

संध्याकाळ झाली. अण्णा दारापाशी बसून होते. गच्चीकडे गेले नाहीत. हातावर कोट नाही, पायात चपला घातलेल्या, पण पाऊल उचलत नव्हतं. बागेत जायचं तर कोण म्हणून जायचं?

वहिनी शेवटच्या खुंटीपाशी गेल्या. तपकिरी कोट खाली काढला, झटकला, त्याच्यावर ब्रश फिरवला. मग कापडाची पट्टी घेतली, नंबराऐवजी तिच्यावर ‘अण्णा’ असं लिहिलं आणि कॉलरच्या आत अशी शिवली, की मानेला टोचू नये. आयुष्यात पहिल्यांदाच त्या शंभर न मोजता, खड्डा न बघता, डागाला न विचारता काहीतरी ठरवत होत्या. टाका मात्र सरळ पडला.

“घ्या,” त्यांनी कोट अण्णांच्या पुढे धरला.

अण्णांनी आधी कोटाकडे पाहिलं. मग सुनेकडे. मग काउंटरवर पुन्हा राजासारख्या बसलेल्या मुलाकडे. त्यांचे डोळे बारीक झाले.

“कुणाचा आहे?”

“तुमचा.”

“माझा?” अण्णांनी कॉलर उलटून पट्टी वाचली. पुन्हा वाचली. पट्टीवरून अंगठा फिरवला. मग कोट तसाच वहिनींच्या हातात परत दिला, वरच्या पाटीकडे बोट केलं, आणि रुंद बाह्यांत शिरायला दोन्ही हात मागे करून उभे राहत म्हणाले,

“आधी पावती कर. असा कुणीही आला की देऊन टाकतेस तू.”